सासू सुधारते तो प्रवेश

सोलापूर जिल्ह्यात माझ्याइतक्या सुना दुसऱ्या कुणी छळल्या नसतील. गावोगाव जाऊन छळल्या, चारचौघांत छळल्या आणि त्याचं मानधन घेतलं, तेही सरकारकडून. दचकू नका, सांगते.

आमचं कलापथक होतं. सरकारला लोकांच्या कानावर काही घालायचं असलं की आम्हाला बोलावणं यायचं. लहान कुटुंब, साक्षरता, पोलिओचे थेंब, पाणी गाळून प्या, हुंडा घेऊ नका, मुलगी वाचवा, संडास बांधा, मत द्या. विषय वरून यायचे आणि वरची माणसं बदलली की विषयांची नावं बदलायची. आमची पेटी तीच, ढोलकी तीच, आणि सासू मी. विषय कुठलाही असो, सासूवाचून भागायचं नाही. थेंब नको म्हणणारी सासू, संडास नको म्हणणारी सासू, सुनेला रात्रीच्या वर्गाला जाऊ न देणारी सासू! लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हाच माझ्या केसांना पावडर फासून मला म्हातारी केली, कारण एकच, माझा आवाज. माईक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या माणसाला शिवी ऐकू जायची.

माईक बंद पडायचाही फार, कारण तो आमच्या ह्यांच्या ताब्यात होता. ह्यांचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान. पथकाचे माईकवाले म्हणून हे आले आणि पथकाच्या सासूचा नवरा होऊन बसले. दुपारी जीपवर भोंगा बांधून गावातून फिरायचे आणि पुकारायचे, 'आज संध्याकाळी शाळेच्या पटांगणात करमणुकीचा मोफत कार्यक्रम.' कुटुंब नियोजन हा शब्द चुकूनही काढायचे नाहीत. एकदा काढला होता, तर पटांगणात आम्ही, ग्रामसेवक आणि दोन कुत्री एवढेच जमलो.

माझ्या खऱ्या सासूबाई एकदा प्रयोगाला आल्या. सगळा खेळ मांडी घालून बघितला. घरी आल्यावर भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हे सगळं माझ्यावरनं उचललंस न्हवं?" मी म्हटलं, "निम्मं." त्या म्हणाल्या, "मग निम्मे पैसे टाक हितं." अशा होत्या. भांडायचो आम्ही, पण गोडीनं.

नाटुकलं वरून लिहून यायचं. कुणी लिहायचं देव जाणे, पण त्या माणसानं सासू आणि सून एका खोलीत कधी पाहिली नसणार. 'अपत्यांमध्ये योग्य अंतर राखणे ही काळाची गरज आहे' असं वाक्य टेंभुर्णीच्या बाजारच्या दिवशी म्हणून बघा. माणसं सरळ उठून शेळ्यांचे भाव विचारायला जातात. मग आमचे मास्तर, म्हणजे पथकाचे प्रमुख, म्हणायचे, "मुद्दा सरकारचा ठेवा, भाषा आपली घाला." आम्ही घालायचो. पण त्यात एक गोम होती. नर्स, शाळेतल्या बाई, शहाणा दीर, ही चांगली माणसं. त्यांच्या वाक्यांना हात लावायची परवानगी नव्हती, कारण त्यांच्या तोंडात माहिती होती आणि माहितीत चूक झाली तर साहेब रागवायचे. सासूच्या तोंडात काय चुकणार? तिचं सगळंच चुकीचं! म्हणून चांगल्या माणसांना सरकारी वाक्यं आणि मला आमची. आता तुम्हीच सांगा, टाळ्या कुणाला पडणार?

मुलगी वाचवाच्या खेळात माझं एक वाक्य होतं. सुनेला मुलगी होते, नर्स बाळ घेऊन बाहेर येते आणि सासू कमरेवर हात ठेवून, दुसरा हात असा हवेत झटकून ओरडते, "पेढ्याला सांगितलेला खवा परत करा रं! हितं बर्फीपुरतंबी काम झालं न्हाय!"

ते मला जीपमध्येच सुचलेलं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा पाच-सहा फेटे हवेत उडाले. मग काय, जिथं जाऊ तिथं खवा. माळशिरसला तर एकानं 'पुन्हा' म्हणून ओरडून मला ते दोनदा म्हणायला लावलं. बाजारात बायका मला बोटानं दाखवायच्या, 'ती बघ, खव्याची सासू.' मला काय आनंद व्हायचा! खोटं कशाला बोलू, अजूनही होतो.

आणखी एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक खेळाच्या शेवटी सासू सुधारते. सुधारलीच पाहिजे, नाहीतर सरकार पैसे कशाला देईल? पण कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे असायचे. ते उशिरा यायचे. आले की खेळ थांबवून हार, नारळ आणि भाषण. भाषण म्हणजे मारुतीचं शेपूट. तोवर बाया भाकरीच्या काळजीनं उठायला लागायच्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि मास्तर विंगेतून दोन बोटांची कात्री करून दाखवायचे. कापायचं ते शेवटून. सुरुवातीची गाणी कापता येत नाहीत, मधली भांडणं कापली तर लोक मारतील. राहिला तो सासू सुधारते तो प्रवेश. तो आम्ही इतक्या गावांत कापला की जिल्ह्यातली निम्मी जनता सासूला मोकाट सोडून घरी गेलेली आहे. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. सासू सुधारते हे काय सांगायचं? ते कळतंच की, असं आम्ही धरून चालायचो.

पुढं टीव्ही आले, मग सिनेमाचा पडदा लावलेल्या गाड्या आल्या, मग मोबाईल. कलापथकं हळूहळू मागं पडली. मास्तर वारले. आता कधीतरी फोन येतो, 'ताई, उन्हाळ्यावर एक मिनिटाची क्लिप करायची आहे.' मी नातवाला म्हणते, 'डोक्याला टोपी घाल रे राजा.' तो नातू भाड्याचा असतो. सासूची आजी झाले म्हणजे बढतीच झाली म्हणायची. एक मिनिटात सगळं आटपतं, भाषण नाही, हार नाही, घरी येऊन वरणाला फोडणी द्यायला मी मोकळी. तक्रार नाही माझी. चांगलं चाललंय.

तर आता मुलाचं. आमचा एकुलता एक टेंभुर्णीला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. स्थळं बघून बघून आमचे जोडे झिजले आणि हा प्रत्येक वेळी 'बघू' म्हणायचा. आणि मग एका रविवारी जेवताना म्हणाला, "आई, एक मुलगी आहे. वैरागची. सोलापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. आमचं ठरलंय, पण तिच्या आईनं हो म्हटल्याशिवाय ती लग्न करणार नाही." मी म्हटलं, "आई नाही कशाला म्हणेल? तुझ्यात काय खोट आहे?" तो म्हणाला, "तू फक्त नीट बोल." बघा! ज्या जिभेनं याला पोसलं तिच्यावर एवढा विश्वास.

वैरागला गेलो. वडील बाजारात आडत्याकडे कामाला, सरळ माणूस. मुलगी पोहे घेऊन आली. काय सांगू, बघताक्षणी आवडली. मान खाली घालून वगैरे नाही, समोर बसून म्हणाली, "काकू, पोहे थोडे तिखट झालेत, सांभाळून खा." मी मनात म्हटलं, हीच! पोराची अक्कल माझ्यावर गेलीय.

मग तिची आई चहाचा ट्रे घेऊन आली. माझ्याकडे बघितलं आणि दारातच थांबली.

"तुमी त्या... कलापथकात हुता न्हवं?"

माझी छाती अशी फुगली! एवढ्या वर्षांनी, वैरागात, ओळख! मी म्हटलं, "व्हय की! बघितलं होतं का?"

"खव्याची सासू."

झालं. एवढं पुरे होतं मला. हे मला कोपरानं ढोसत होते, मुलगा डोळे वटारत होता, पण कलावंताला प्रेक्षक भेटला की त्याला काही दिसत नाही. मी खुर्चीवरून उठले, कमरेवर हात ठेवला, दुसरा हात हवेत झटकला आणि पूर्ण आवाजात म्हटलं, "पेढ्याला सांगितलेला खवा परत करा रं! हितं बर्फीपुरतंबी काम झालं न्हाय!"

टाळी नाही. हसू नाही. त्या बाईनं ट्रे टेबलावर ठेवला, पदर सावरला आणि ती आत निघून गेली. मुलगी तिच्या मागं गेली. वडील पोह्यांकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "कळवतो पाव्हणं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडीत मुलगा म्हणाला, "आई, तुला म्हटलं होतं नीट बोल." एवढंच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

निरोप आला, नाही म्हणून. कारण काय, तर 'त्या घरात मुलगी द्यायची आईची इच्छा नाही.' मी भडकले. "अहो, नाटक आणि खरं कळत नाही का या बाईला? रावणाचं काम करणाऱ्याच्या घरी काय कुणी पोरगी देत नाही?" हे म्हणाले, "रावण पोहे खाताना उठून गर्जना करत नाही." माझ्याच घरात माझ्यावरच विनोद! पण मुलाचं तोंड बघवेना. ताटावर बसायचा आणि घास चिवडत राहायचा. तिकडं मुलगीही जेवत नव्हती असं कळलं. दोन पोरांचा जीव आणि मध्ये काय, तर माझं एक वाक्य. मला रडूच आलं. मग डोळे पुसले आणि एसटी पकडून एकटीच वैरागला गेले. सांगून गेले असते तर कुणी जाऊ दिलं नसतं.

ती बाई पडवीत सुपात ज्वारी पाखडत होती. मला बघून उठली नाही, पण समोर पाट सरकवला. पाणी दिलं. मी आल्या आल्या सुरू केलं, "ताई, ते नाटक होतं. सरकारचं होतं. मी घरी तशी नाही, माझ्या सासूबाईंना विचारलं असतं, पण त्या आता..."

"मला म्हाईत हाय नाटक हुतं," ती म्हणाली. "मी येडी न्हाय."

मग ती बोलायला लागली. सूप खाली ठेवलं नाही, पाखडता पाखडताच बोलली. "तुमी आल्ता तवा ही पोटात हुती. सासू मला घिऊन गेली, म्हणली सरकारचा खेळ हाय, चल. तुमी ते खव्याचं बोलला आन सासू एवढी हसली, एवढी हसली की डोळ्यातनं पाणी. घरी येईस्तोवर तेच. आल्यागेल्याला करून दाखवायची. मग ही झाली, बार्शीच्या दवाखान्यात. नर्स हिला घिऊन भायेर आली आन सासू जागेवरनंच वरडली. तुमचंच वाक्य. हातबी तुमच्यासारखाच झटकला. सगळा वॉर्ड हसला वो. नर्सबी हसली. मला टाकं पडलेलं, धड रडताबी येईना."

माझ्या हातातलं पाणी तसंच राहिलं.

"पाचवीच्या पूजेला सुदीक मांडीवर घेतली न्हाय पोरीला. आन सांगू का, सासू वाईट न्हवती. रागीट हुती, पण असलं लागंल असं बोलाया तिला सुचलंच नसतं. ते तिला तुमी दिलं."

खरं सांगते, आधी मला राग आला. मी काय मुद्दाम दिलं? आम्ही तर मुली वाचवायला फिरत होतो, उन्हातान्हात, पंक्चर झालेल्या जीपमधून! मी तावातावानं म्हटलं, "पण ताई, ती सासू शेवटी सुधारते!"

सूप थांबलं. "कवा?"

"शेवटच्या प्रवेशात."

"मी शेवटपतुर बसले हुते. कोण पुढारी आला, बोलला, त्याला नारळ दिला आन तुमी जीपमदी बसून गेलासा. सासू न्हाय सुधारली."

तिला मी आमची रीत सांगितली. पाहुणे, भाषण, मास्तरांची कात्री. सांगता सांगता माझं मलाच ते कसंतरी वाटायला लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता करा की. बघू द्या तरी कशी सुधारती ती."

मी उठले. पदर डोक्यावरून घेतला, पाठीत वाकले. वाकले की सासू अंगात यायची, कधी चुकली नाही. तशी आलीही. पण तोंडात शब्द येईनात. संडास नको म्हणणारीची वाक्यं आली, थेंब नको म्हणणारीची आली, हुंड्यात काय काय मागायचं ती सगळी यादी आली. सुधारलेल्या सासूचं एक अक्षर येईना. त्यात कुठंतरी 'समानता' होतं एवढं आठवत होतं, आणि 'शासनाच्या योजनांचा लाभ' असलं काहीतरी. इतक्या वेळा कापलेला तो प्रवेश, मी स्वतःच विसरून गेले होते.

"आठवत नाही हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुन्हा ज्वारी पाखडायला घेतली. आता पाणी पिऊन उठायचं आणि स्टँडवर जायचं, दुसरं काय उरलं होतं? मुलाला जाऊन काय सांगू, हाच विचार डोक्यात. तिच्याकडे बघितलं. चांगली पन्नाशीकडे झुकलेली बाई, पण मला दिसली ती दवाखान्यातल्या खाटेवर पडलेली कोवळी पोर. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे सासूकडे बघून हसत होते. अगदी आमच्या प्रयोगात व्हायचं तसंच.

मी सरळ झाले. डोक्यावरचा पदर खाली घेतला. तिच्या समोर फरशीवर बसले आणि दोन्ही हात पुढं केले. आवाज मोठा काढायची गरजच नव्हती.

"आण गं ती हिकडं, माझ्यापाशी. किती दमलीयास! नीज आता तू, मी बसते हिला घिऊन. अगं बाई, नाक तुझ्यावर गेलंय हिचं... आन खवा सांगितलाय तर पेढंच वाटायचं. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

सूप तिच्या मांडीवर कलंडलं. ज्वारी फरशीवर सांडली, ती तिनं गोळा केली नाही. पदर तोंडाला लावून रडत राहिली. मीही रडले. नाटकात रडायला मला नेहमी ग्लिसरीन लागायचं, मास्तर चेष्टा करायचे.

बऱ्याच वेळानं ती उठली, आत गेली आणि साखरेचा डबा घेऊन आली. माझा हात ओढून तळव्यावर चिमूटभर साखर ठेवली आणि म्हणाली, "तारीख काढा."

मी साखर तोंडात टाकली. ती डब्याचं झाकण लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढंच त्या दिशी बोलायचं हुतं की वो. सासू माझ्या शेजारीच बसली हुती."